आण्णा गेले, बंदूक राहिली: शस्त्र परवान्याची गोष्ट

हा एपिसोड ऐकून बऱ्याच जणांनी मेसेज केले की गोष्ट आवडली, पण कलमं आणि सालं ऐकताना डोक्यावरून गेली, जरा लिहून द्या. म्हणून हे लिखित रूप. एपिसोड ऐकला नसेल तरी चालेल. एक आधीच सांगतो, मी वकील नाही. सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. हा कायदा वाचायची वेळ आली ती घरातल्या एका कपाटामुळे.

आम्ही सोलापूरच्या नव्या पेठेतले. खाली दुकान, वर घर. गेल्या वर्षी माझे आजोबा, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, गेले. तेराव्यानंतर बाबा आणि मी त्यांचं लोखंडी कपाट आवरायला बसलो. कागद, चष्मे, जुनी पासबुकं, आणि मागच्या बाजूला कापडात गुंडाळलेली बाराबोरची दुनळी. आम्हा सगळ्यांना ती माहीत होती. दर खंडेनवमीला ती बाहेर निघायची, हळदकुंकू लागायचं, झेंडूची माळ पडायची आणि परत कपाटात जायची. आण्णांनी ती १९६८ साली घेतली, मोहोळकडच्या शेतावर राखणीसाठी. पुढे आम्ही शहरात आलो, शेत काकांकडे राहिलं, बंदूक आण्णांबरोबर इथं आली.

मी सहज विचारलं, "बाबा, लायसन कुणाच्या नावावर?"

"आण्णांच्या."

"मग आता?"

बाबा काहीच बोलले नाहीत. मी एका वकील मित्राला फोन लावला. तो म्हणाला, "अबे, आधी ती घरातनं बाहेर काढ. आज. पोलीस ठाण्यात नाहीतर डीलरकडं जमा कर आणि पावती घे. बाकीचं नंतर बोलू."

त्या रात्री व्हिडिओ कॉलवर टेक्सासमधला चुलतभाऊ म्हणाला, "इकडे लोक यासाठी गन ट्रस्ट करतात. माणूस गेला तरी ट्रस्ट राहतो. आपल्याकडे नाही का तसं काही?"

नाही. आपल्याकडे तसं काही नाही. का नाही, हे शोधायला गेलो आणि थेट १८५७ पर्यंत जाऊन पोहोचलो. तोच आजचा विषय.

आधी प्रश्न होता, कुणाचा भरवसा?

१८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारला एकच भीती होती, लोकांच्या हातातली हत्यारं. लगेच तात्पुरते कायदे आले आणि १८७८ मध्ये, लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना, इंडियन आर्म्स ॲक्ट आला. देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचं तोंड बांधणारा कायदाही त्याच वर्षीचा.

या कायद्यानं हत्यार बाळगायला परवाना सक्तीचा केला. पण सगळ्यांना नाही. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांना सूट होती. म्हणजे बंदूक तीच, गाव तेच. गोऱ्या साहेबाला कागद लागत नाही, त्याच्या शेजारच्या पाटलाला लागतो. कायदा बंदुकीबद्दल बोलत होता, पण विचारत होता की माणूस कोण आहे.

पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड झालं. ते पकडले गेले ते आपल्यापासून फार लांब नाही, तेव्हाच्या कलादगी, म्हणजे आताच्या विजापूर भागातल्या देवर नावदगीजवळ. असल्या बंडांमुळे सरकारचा अविश्वास आणखी पक्का झाला.

काँग्रेस स्थापन झाल्यावर दोनच वर्षांनी, १८८७ च्या मद्रास अधिवेशनात, या कायद्याविरुद्ध ठराव झाला. आणि आश्चर्य वाटेल, पण अहिंसेचे पुजारी गांधीजीही या कायद्याच्या विरोधात होते. अख्ख्या राष्ट्राला निःशस्त्र करणं हे इंग्रजांच्या सगळ्यात काळ्या कामांपैकी एक, असं त्यांचं मत होतं. जानेवारी १९३० मध्ये त्यांनी व्हाइसरॉयसमोर अकरा मागण्या ठेवल्या. मिठावरचा कर रद्द करा ही मागणी सगळ्यांना आठवते. त्याच यादीत ही पण होती: स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्या, आणि त्यावर नियंत्रण लोकांचं असू द्या.

त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या सोलापुरात काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. गांधीजींना अटक झाली, गिरण्या बंद पडल्या, ८ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला. नंतरचे काही दिवस शहर लोकांच्या हातात होतं. १२ मे रोजी मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. चार पुतळ्यांवरून आपण रोज जातो. तिथून जाताना आता माझ्या डोक्यात येतं की त्या मे महिन्यात बंदुका कुणाकडे होत्या आणि कुणाकडे नव्हत्या, हे बावन्न वर्षं आधीच एका कायद्यानं ठरवून टाकलं होतं.

याच शहरात सेटलमेंट पण होती. तारेच्या कुंपणात ठेवलेले लोक, ज्यांना सरकारनं जन्मावरून गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण भागाचं नाव अजून सेटलमेंटच आहे. एका टोकाला जन्मावरून सूट, दुसऱ्या टोकाला जन्मावरून कुंपण. इंग्रजांच्या कायद्याचं गणित असं होतं.

हक्क की परवानगी?

मार्च १९३१ मध्ये कराची काँग्रेसनं मूलभूत हक्कांचा ठराव केला. त्यात, नियमांच्या अधीन राहून, शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. मग हा हक्क संविधानात का नाही आला?

आणायचा प्रयत्न झाला होता. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत हरी विष्णू कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली. कराचीच्या ठरावाची आठवणही होतीच. डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. त्यांचा मुद्दा साधा होता. कुणीही बाजारात जाऊन हवं ते हत्यार विकत घेऊ शकला तर राज्य चालवायचं कसं? आणि त्यांनी उलट असं सुचवलं की शस्त्र धरण्याचा हक्क महत्त्वाचा नाही, देशावर वेळ आली तर शस्त्र धरण्याचं कर्तव्य महत्त्वाचं.

अमेरिकेच्या आणि आपल्या वाटा इथं वेगळ्या झाल्या. तिकडे तो हक्क संविधानाच्या दुसऱ्या दुरुस्तीत आहे. आपल्याकडे ती परवानगी आहे. आणि परवानगी नेहमी एका माणसाला मिळते, घराण्याला नाही.

१९५९: नवा कायदा

स्वातंत्र्यानंतरही पंधरा वर्षं आपण इंग्रजांचाच कायदा वापरत होतो. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्यातलं कलम १४ मला फार आवडलं. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. नाकारला तर साधारणपणे कारण लेखी द्यावं लागतं, आणि त्यावर अपील करता येतं. पीक राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी सोय ठेवली. कोकणात अजून अशा बंदुका आहेत. आमच्या आण्णांसारख्या साध्या शेतकऱ्याला १९६८ मध्ये परवाना मिळाला तो या कायद्याखाली.

पण याच कायद्यानं हत्यारांचे वर्गही पाडले. साध्या भाषेत सांगायचं तर तीन ढीग समजा. पहिला ढीग पूर्ण बंदीचा, म्हणजे मशीनगन वगैरे. दुसरा ढीग निर्बंधित, लोक याला पीबी म्हणतात. तिसरा ढीग सामान्य माणसाला परवान्यावर मिळणारा, एनपीबी: बाराबोरची लांब नळीची बंदूक, पॉइंट ३१५ ची रायफल, पॉइंट ३२ चं रिव्हॉल्व्हर.

दुसऱ्या ढिगात काय आहे? लष्कर आणि पोलीस वापरतात त्या बोअरची हत्यारं. पॉइंट ३०३ ची रायफल, ९ एमएम पिस्तूल, जुनं पॉइंट ४५५ रिव्हॉल्व्हर. तर्क असा की सरकारी काडतूस खाजगी बंदुकीत बसता कामा नये. म्हणून तर आपल्याकडे पॉइंट ३१५ ची रायफल बनवली गेली. ही कल्पनाही इंग्रजांचीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी हिंदुस्थानात पॉइंट ४५० बोअरवर बंदी घातली, कारण जुन्या लष्करी रायफलींना तीच काडतुसं चालायची. मग लंडनच्या कारागिरांनी काय केलं? पॉइंट ४६५, पॉइंट ४७० अशी नवीन काडतुसं काढली. नियम आकड्यावर बसला की बाजार आकडा बदलतो. आपल्या फील्डमधल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको.

याचा त्रास कुणाला होतो माहितेय? फौजी घरांना. पणजोबा दुसऱ्या महायुद्धात होते, त्यांचं रिव्हॉल्व्हर घरात आहे, लायसनही होतं. पण बोअर पॉइंट ४५५ असेल तर ते दुसऱ्या ढिगात. पंजाबातल्या दहशतवादाच्या काळात, १९८० च्या दशकात, या ढिगाचे परवाने देण्याचा अधिकार केंद्रीय गृह मंत्रालयाकडे गेला. म्हणजे अर्ज इथं करायचा, पोलिसांचा अहवाल जायचा, राज्याची शिफारस जायची, निर्णय दिल्लीत. जिवाला खरा आणि गंभीर धोका असल्याशिवाय नवीन परवाना जवळपास मिळत नाही. वारशाचा विचार होतो, पण रस्ता तोच, दिल्लीचा. कपाटातली ती वस्तू घरच्यांसाठी आठवण असते, फाइलमध्ये मात्र ती फक्त बोअरचा आकडा.

कारणं संपत गेली

आण्णांच्या पिढीत लोक तीन कारणांसाठी परवाना मागायचे: शिकार, राखण, संरक्षण. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार संपवली. त्या कायद्यात एक कलम आहे, ३४. अभयारण्य जाहीर झालं की त्यात किंवा त्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकानं वन्यजीव अधिकाऱ्याकडे नोंद करायची, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना त्यांच्या संमतीशिवाय द्यायचा नाही.

आता आपला जिल्हा आठवा. १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य झालं. आपण नान्नज म्हणतो, पण कागदावर ते तेव्हा सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरचं होतं, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत पसरलेलं. त्यात गावं होती, शेतं होती. ते सुमारे १,२०० चौरस किलोमीटरवर आलं ते थेट या शतकात. मधली तीस वर्षं या पट्ट्यात एका पक्ष्याचं भवितव्य आणि शेतकऱ्याचा परवाना एकाच कलमानं बांधलेले होते. माळढोक तरीही वाचला नाही फारसा, ते दुःख वेगळं, त्यावर आपण स्वतंत्र एपिसोड करू.

मग संख्येवर मर्यादा आली. १९८३ पर्यंत एका माणसानं किती बंदुका ठेवाव्यात याला मर्यादा नव्हती. त्या वर्षी ती तीन झाली. डिसेंबर २०१९ मध्ये तीनवरून दोन. सरकारनं विधेयकात एकच ठेवायचं म्हटलं होतं, संसदेत ते दोनवर आलं. ज्यांच्याकडे तीन होत्या त्यांना जादाची जमा करायला एक वर्ष दिलं. परवान्याची मुदत तीनची पाच वर्षं झाली, ही त्यातली सोयीची बाजू. पण वारसा हक्कानं आलेली बंदूकसुद्धा या दोनच्या आतच मोजली जाईल, असं स्पष्ट लिहिलं.

आमच्या घरात हेच नडलं. काकांकडे शेतावर आधीच दोन आहेत. आण्णा २०१८ मध्ये गेले असते तर ही तिसरी काकांच्या नावावर मागता आली असती. आता नाही.

जुलै २०१६: दोन देश, दोन दिवस

आता चुलतभावाच्या ट्रस्टकडे येऊ. अमेरिकेत साध्या बाराबोरला ट्रस्ट वगैरे लागत नाही. १९३४ च्या एका कायद्यानं तिथं काही हत्यारांची वेगळी यादी केली: मशीनगन, आखूड नळीच्या बंदुका, सायलेन्सर. त्यासाठी केंद्राकडे नोंदणी आणि २०० डॉलर कर. शिवाय व्यक्ती म्हणून अर्ज केला तर बोटांचे ठसे, फोटो आणि स्थानिक पोलीस प्रमुखाची सही लागायची. काही प्रमुख सहीच करत नसत.

मग वकिलांनी वाट काढली. व्यक्तीऐवजी ट्रस्टच्या नावानं अर्ज करायचा. ट्रस्टला बोटं नसतात, त्यामुळे ठसे नाहीत, आणि सहीही नाही. वर फायदा असा की ट्रस्टमधल्या सगळ्यांना ते हत्यार वापरता येतं आणि एक जण गेला तरी मालकी बदलत नाही. असे ट्रस्ट भराभर निघाले. १३ जुलै २०१६ पासून नियम बदलला. आता ट्रस्टमधल्या प्रत्येक जबाबदार व्यक्तीचे ठसे आणि फोटो लागतात. त्या बदल्यात सहीची अट सगळ्यांनाच काढली, स्थानिक पोलिसांना फक्त कळवायचं. जानेवारी २०२६ पासून तर सायलेन्सर आणि आखूड बंदुकांवरचा करही शून्य झाला, नोंदणी मात्र राहिली.

आणि आपले शस्त्र नियम २०१६ कधी निघाले? १५ जुलै २०१६. दोनच दिवसांनी. एकमेकांशी काही संबंध नाही, निव्वळ योगायोग. पण दोन्ही सरकारं त्या आठवड्यात एकच प्रश्न सोडवत होती: कागदाच्या मागचा खरा माणूस कोण?

आपल्या नियमांनी प्रशिक्षण आणि सुरक्षित साठवणूक यावर भर दिला. प्रत्येक परवानाधारकाला राष्ट्रीय डेटाबेसमधला एक यूआयएन नंबर लागतो, तो नसेल तर परवाना वैध नाही. माझ्या भाषेत सांगायचं तर या टेबलची प्रायमरी की माणूस आहे. माणूस गेला की ओळ संपली. अमेरिकेत ट्रस्ट ही माणसाच्या जागी ठेवलेली दुसरी की आहे, जी मरत नाही. आपल्याकडे परवाना माणसाबरोबर मरतो. बंदूक मात्र राहते, आणि अडचण त्यातूनच सुरू होते.

याच नियमांत, नियम २५ मध्ये, एक गोष्ट आहे जी आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हती. परवानाधारक ७० वर्षांचा झाला, किंवा त्यानं ती बंदूक २५ वर्षं बाळगली, यातलं जे आधी होईल तेव्हा, तो जिवंतपणीच आपला वारस सुचवू शकतो आणि त्या वारसाच्या नावानं परवाना मागता येतो. आण्णांच्या बाबतीत दोन्ही अटी कधीच पूर्ण झाल्या होत्या. ते स्वतः चालत जाऊन सही करून आले असते. आम्ही कधी विचारलंच नाही. घरातल्या मोठ्या माणसाशी "तुमच्यानंतर" हे बोलायचं कसं?

तुमच्या घरात असेल तर

मला पंचवीस जणांनी विचारलंय, म्हणून थोडक्यात.

घरातल्या परवानाधारकाचं वय सत्तरच्या पुढं असेल तर आजच विषय काढा. वारस म्हणून कोण, त्याच्याकडे आधी किती बंदुका आहेत, बाकीच्या वारसांची ना-हरकत आहे का, हे त्यांच्या समोर ठरवा.

परवानाधारक गेले असतील तर बंदूक कपाटात ठेवू नका. कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करायची, काडतुसांसकट. पावती जपून ठेवा. जमा केली म्हणजे गेली असं नाही. वारसाला परवाना मिळाला की ती परत मिळते, नाहीतर परवाना असलेल्याला विकता येते. पण वर्षानुवर्षं तशीच पडू दिली तर ती सरकारजमा होऊ शकते.

आणि "आमची काय चोरीची आहे?" हे म्हणू नका. विनापरवाना साधी बंदूक बाळगली तरी २०१९ नंतर शिक्षा किमान दोन ते जास्तीत जास्त पाच वर्षं आहे. निर्बंधित बोअर असेल तर किमान सात. कायदा हेतू नंतर विचारतो, कागद आधी.

शहरात पोलीस आयुक्तालय, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालय. लग्नात हवेत बार काढणं हा आता वेगळा गुन्हा आहे, हेही वरातवाल्या मंडळींनी लक्षात ठेवावं.

आमच्याकडे काय ठरलं

दुनळी डीलरकडे जमा आहे. काकांचं दोनचं गणित भरलेलं. आत्या म्हणाल्या, मला नको. राहिलो बाबा आणि मी. बाबांचं म्हणणं, आण्णांची वस्तू आहे, घरात राहिली पाहिजे. माझं म्हणणं वेगळं होतं. शेत आमच्याकडे नाही, राखण नाही, शिकार तर पन्नास वर्षांपूर्वीच संपली. मग मी कशासाठी मागू? अर्जात "गरज" या रकान्यात मी काय लिहू, खंडेनवमी?

हा इतिहास वाचल्यावर मला एक पटलं. १८७८ चा कायदा विचारायचा, तू कोण? आजचा विचारतो, तुला कशाला हवी? दुसऱ्या प्रश्नानं आमची अडचण होते, मान्य. दिल्लीला अडकलेल्या फौजी घरांची तर जास्तच. वारशाच्या फाइलींना सरकारनं ठरावीक मुदत दिली पाहिजे, असंही मला वाटतं. पण हा प्रश्न आमचा रंग किंवा जात बघून विचारला जात नाही. तो बदल व्हायला ऐंशी वर्षं लागली, आणि त्यासाठी लोक तुरुंगात गेले.

शेवटी अर्ज बाबांनी केला. मी आणि आत्यांनी ना-हरकत दिली. आजी एवढंच म्हणाली, "ते असते तर दोघांनाही ओरडले असते, आधी विचारलं का नाही म्हणून." फाइल अजून चालू आहे.

यंदा खंडेनवमीला बाबांनी पाटावर दुकानातली कात्री, अडकित्ता आणि माझा लॅपटॉप ठेवला. दुनळीची जागा रिकामी होती. झेंडूची माळ मात्र त्यांनी सवयीनं तेवढीच लांब केली होती.

तुमच्या घरातही असं काही असेल तर व्हॉइस नोट पाठवा. नाव नको, गाव आणि गोष्ट पुरे. आणि आजच घरी जाऊन विचारा, लायसन कुणाच्या नावावर आहे. भेटू पुढच्या भागात.